मंगलाष्टकं ऐकू येईनात, वाजंत्री मात्र कान फोडते: लग्नाच्या व्हिडिओचा आवाज कसा सुधारावा

लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला की घरातलं कुणीतरी रिमोट हातातच धरून बसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की आवाज वाढवायचा, कारण मामी काय म्हणतायत ते कळत नाही. 'शुभमंगल सावधान' होऊन वाजंत्री सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा. उखाण्याला पुन्हा वाढवायचा, आणि नेमकं नाव घेताना सगळे हसले म्हणून व्हिडिओ मागे न्यायचा. चित्र फोरके असतं, ड्रोन कार्यालयावरून घिरट्या घालून आलेला असतो, आणि आवाज कॅमेऱ्यावरच्या माईकला जसा मिळाला तसा.

हे एडिटिंगमध्ये बऱ्यापैकी सुधारता येतं. त्यामागचं शास्त्र थोडं समजलं की कुठलं बटण का दाबायचं हेही कळतं. हा लेख एडिटिंगला बसणाऱ्यांसाठी आहे, तसाच ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांच्यासाठीही. व्हिडिओवाल्याशी आधी काय बोलून घ्यायचं ते त्यांनाही ठाऊक असलेलं बरं. माझा आग्रह एकच आहे. आवाज साफ करायला घेण्याआधी तो निवडा. प्रत्येक विधीत कुठला तरी एक आवाज मुख्य असतो. तो ठरवला आणि बाकीचे त्याच्या मागे बसवले की निम्म्याहून जास्त काम होतं. फिल्टर, एआय वगैरे त्यानंतर.

कॅमेऱ्याला काय ऐकू येतं

कार्यालयात उभं राहून आपण मंत्र ऐकतो तेव्हा दोन कान आणि मेंदू मिळून नको ते बरंच वगळतात. पंख्यांची घरघर, मागच्या रांगेतल्या गप्पा, पंगतीकडून येणारा भांड्यांचा आवाज आपल्याला फारसा जाणवत नाही. माईक असलं काही करत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते सगळं तो सारख्याच इमानाने नोंदवतो.

त्यात अंतराचा हिशोब निर्दयी असतो. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं माप) खाली येतो. तोंडापासून २० सेंटिमीटरवर लावलेला कॉलर माईक आणि ५ मीटरवरचा कॅमेरा यांच्यात या हिशोबाने २८ डेसिबलचा फरक पडतो. पंखा, जनरेटर आणि पाहुण्यांच्या गप्पा मात्र दोघांनाही जवळजवळ तेवढ्याच मोठ्या ऐकू येतात. म्हणून कॅमेऱ्याचा आवाज नुसता वाढवून भागत नाही. मंत्र वाढतात, सोबत पंखाही वाढतो.

बंद सभागृहात आणखी एक भानगड होते. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब. शब्द माईककडे थेट येतो आणि पाठोपाठ त्याचीच असंख्य प्रतिबिंबं भिंतींवरून परतून येतात. याला आपण 'आवाज घुमतो' म्हणतो. घुमणं काढणं हे पंख्याची घरघर काढण्यापेक्षा फार अवघड आहे. घरघर हा वेगळाच आवाज आहे, तो ओळखून बाजूला करता येतो. घुमणारा आवाज मात्र त्याच माणसाचा, त्याच शब्दाचा असतो. सॉफ्टवेअरने कुठला 'म' ठेवायचा आणि कुठला काढायचा? घुमणं कमी करणारी साधनं आहेत, पण ती थोडंच झेपवतात. खरा उपाय म्हणजे तोंडाजवळच्या माईकचा आवाज वापरणं, आणि तो एडिटरला मिळायचा तर शूटिंगच्या दिवशीच घेतलेला असावा लागतो.

शूटिंगच्या दिवशी काय जमवायचं

मंगलाष्टकं म्हणणारे कार्यालयाचा किंवा साउंडवाल्याचा माईक हातात धरूनच म्हणतात. म्हणजे तो आवाज मिक्सरमध्ये, सगळे माईक जोडलेल्या साउंडवाल्याच्या पेटीत, स्वच्छ येतोच आहे. साउंडवाल्याला आधी भेटून, चहा पाजून, मिक्सरच्या रेकॉर्ड आउट किंवा ऑक्सला (आवाज बाहेर काढायच्या जादा जोडणीला) एक छोटा रेकॉर्डर जोडू द्यायला सांगा. इथे एक गोष्ट सांभाळायची. मिक्सरमधून येणारा सिग्नल 'लाइन' पातळीचा असतो, साधारण एका व्होल्टच्या आसपास. माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा. मिक्सरची वायर थेट कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात खुपसली तर आवाज फाटणारच. रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यावर लाइन इनपुट निवडायचं, ते नसेल तर मध्ये सिग्नल कमी करणारी अटेन्युएटर वायर लावायची.

विधींना मिक्सर उपयोगी पडेलच असं नाही, कारण कन्यादान आणि सप्तपदीला भटजी बहुधा माईकशिवाय बोलतात. त्या वेळी नवरदेवाला लावलेला एक कॉलर माईक तिघांचं काम करतो. भटजी आणि नवरी दोघंही त्याच्या हाताच्या अंतरावर असतात. अडचण कपड्यांची. आपल्याकडे विधींना नवरदेव बऱ्याचदा सोवळ्यात, खांद्यावर नुसतं उपरणं. उपरणं सरकतं, रेशीम माईकवर घासतं, वरून मुंडावळ्या आणि हार. ही घासण्याची खरखर शब्दांवरच बसते आणि एडिटिंगमध्ये निघता निघत नाही. अशा वेळी छोटा रेकॉर्डर पाटाजवळ, पूजेच्या ताटांच्या आडोशाला, होमापासून जरा दूर ठेवणं मला जास्त पसंत आहे. तो कुणाच्या अंगावर नसतो, त्यामुळे कुणी विसरून तसाच घरी घेऊन जात नाही.

बाकी दोन गोष्टी पटकन. कॅमेऱ्यातलं ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं, बंद ठेवा. ते चालू असलं की दोन मंत्रांच्या मधल्या शांततेत कॅमेरा आपणहून आवाज वाढवतो आणि पंखा जवळ येऊन लांब गेल्यासारखा वाटतो. आणि लेव्हल सगळ्यात मोठ्या क्षणाच्या हिशोबाने लावा. लग्नात तो क्षण ठरलेला आहे, शेवटचं 'सावधान' आणि त्यावर एकदम सुटणारी वाजंत्री. साधं बोलणं उणे १२ ते उणे १८ डेसिबलच्या आसपास राहिलं तर वर पुरेशी जागा उरते. नेहमीच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य ही वरची हद्द, तिच्या वर आवाजाला जागाच नाही. तिथे लाटेचं डोकं सपाट कापलं जातं, यालाच आपण आवाज फाटला म्हणतो.

हल्ली ३२ बिट फ्लोटमध्ये नोंदवणारे रेकॉर्डर स्वस्त झाले आहेत. त्यांच्या फाइलमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाजही आकड्यांच्या रूपात शिल्लक राहतो, एडिटिंगमध्ये लेव्हल खाली आणली की लाट पूर्ण दिसते. लग्नासाठी ही मोठी सोय आहे. मात्र आवाज रेकॉर्डरपर्यंत येण्याआधीच, म्हणजे मिक्सरमध्ये किंवा खुद्द माईकमध्ये फाटला असेल, तर फ्लोट त्याला वाचवू शकत नाही.

जुळवणी: 'शुभमंगल'चा भ आणि म

आता एडिटिंग. टाइमलाइनवर दोन-तीन कॅमेरे, मिक्सरचा ट्रॅक, पाटाजवळचा रेकॉर्डर. पहिलं काम ते एकमेकांशी जुळवणं. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो, फायनल कट यांत लाटांचे आकार पाहून आपोआप जुळवण्याची सोय आहे. बहुतेक वेळा ते छान जमतं. ढोल-ताशात गोंधळ होऊ शकतो, कारण ठेका परत परत तोच येतो आणि सॉफ्टवेअर एक आवर्तन पुढे-मागे जाऊन बसतं.

आपोआप जुळलेलंही ओठांवर तपासायचं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, प्रकाशाला वेळच लागत नाही म्हटलं तरी चालेल. हॉलच्या मागच्या टोकाला, स्टेजपासून १७ मीटरवर उभ्या कॅमेऱ्याला ओठ हलताना लगेच दिसतात, पण स्टेजवरचा आवाज एक विसांश सेकंद उशिरा पोचतो. आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशोबात हा एका फ्रेमहून जास्त उशीर झाला. सॉफ्टवेअरने मिक्सरचा आवाज त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवला, म्हणजे तोही ओठांच्या मागे राहिला. मग मिक्सरचा ट्रॅक एक फ्रेम अलीकडे सरकवायचा. कॅमेऱ्याचा आवाज गर्दीच्या वातावरणासाठी मागे ठेवायचा असेल तर तोही सोबतच सरकवा, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा बोलल्यासारखा होतो. स्पीकर कॅमेऱ्याच्या शेजारीच असेल तर हा उशीर पडतही नाही, म्हणून आकडेमोडीवर न थांबता ओठ बघायचे. ओठ मिटणारी अक्षरं सगळ्यात सोयीची: प, ब, भ, म. 'शुभमंगल'मध्ये भ आणि म लागोपाठ येतात, तपासणीसाठी याहून चांगली जागा नाही.

दुसरा त्रास हळूहळू येतो. प्रत्येक यंत्रातलं घड्याळ अगदी किंचित वेगळं चालतं. दहा लाखात २० इतका क्षुल्लक फरक धरला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळपास दोन फ्रेम. सकाळी हळदीपासून चालू ठेवलेला रेकॉर्डर दुपारच्या मुहूर्ताला ओठांपासून सुटलेला दिसतो तो यामुळे. अख्खा ट्रॅक ताणत बसण्यापेक्षा प्रत्येक विधीपाशी कापून तुकडे नव्याने जुळवा.

जुळवणी झाली की निवड. हा भाग कुठल्याच सॉफ्टवेअरकडे सोपवता येत नाही. मंगलाष्टकांना मिक्सर मुख्य, बाकी सगळं मागे. विधींना पाटाजवळचा रेकॉर्डर. वरातीत उलट: बँड आणि हलगी कॅमेऱ्याच्या किंवा हातातल्या रेकॉर्डरच्या आवाजातच जिवंत वाटते, तिथे कॉलर माईक बंद. पाठवणीला मी मिक्सर पूर्ण मिटवून टाकतो. कार्यालयवाल्याने तिकडे कुठलं तरी गाणं लावलेलं असतं आणि इकडे आई लेकीच्या कानात काहीतरी सांगत असते.

साफसफाई, पण हात राखून

क्रम महत्त्वाचा आहे. आधी खालची घरघर, मग वीजेची गूं गूं, मग उरलेला गोंगाट. आणि हे सगळं मुख्य ट्रॅकवरच. मागच्या वातावरणाला बहुतेकदा हात लावायची गरज नसते.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं; आकडा लहान तितका सूर जाड) ऐकतो, पण बोलण्यात ८० हर्ट्झच्या खाली कामाचं जवळजवळ काही नसतं. तिथे जनरेटर असतो, शेजारच्या लॉनवरच्या डीजेचा धप्‌धप् बेस असतो, माईकला लागलेले धक्के असतात. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचं सगळं कापणारा, ८० ते १०० हर्ट्झवर लावला की हा पसारा एका फटक्यात जातो आणि शब्द मोकळे होतात. हाच फिल्टर ढोलाच्या किंवा संबळाच्या ट्रॅकवर लावू नका. ढोलाचा दणका तिथेच राहतो, तो कापला की हातात टिपरूचा टकटकाट उरतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वायरिंगमधून शिरलेली गूं गूं ५०, १००, १५० अशा टप्प्यांवर येते. त्या त्या जागी अरुंद खाच पाडणारे फिल्टर म्हणजे डी-हमर. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ५० की ६० एवढंच विचारतात. ६० अमेरिकेसाठी आहे. माईकने शिट्टी मारली असेल तर तिचाही उपाय हाच: ती एकाच बारीक सुरावर असते, तो सूर शोधून तेवढ्या क्षणापुरती खाच पाडायची.

उरलेल्या सलग गोंगाटासाठी, म्हणजे पंखे, एक्झॉस्ट, दुरून येणारी वाहतूक, जुनी पद्धत अशी की कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवायचा. तो नमुना धरून ते बाकीच्या आवाजातून तेवढं वजा करतं. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्येही हे होतं. सहा ते बारा डेसिबल कमी करून थांबा. पूर्ण शांत करायचा मोह झाला की शब्दांच्या कडा झिजतात आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. पंखा थोडा ऐकू आला तर कुणाचं काही बिघडत नाही. ते कार्यालय आहे, स्टुडिओ नव्हे, हे पाहणाऱ्यालाही माहीत असतं.

आता एआय. रिझॉल्व्हच्या सशुल्क आवृत्तीतलं व्हॉइस आयसोलेशन, प्रीमिअरमधलं एन्हान्स स्पीच आणि अशी बरीच साधनं आज हाताशी आहेत. ती असंख्य बोलण्यांवरून शिकलेली असतात आणि जे बोलण्यासारखं वाटतं ते ठेवून बाकीचं फेकतात. एकट्या माणसाच्या मनोगतावर, वडिलांच्या आभाराच्या भाषणावर ती थक्क करणारं काम करतात. पण लग्नात जे जे बोलणं नाही ते सगळं गोंगाट असतं का? सनईचा सूर माणसाच्या गळ्यासारखाच मींड घेत जातो; साधन तो कधी ठेवतं, कधी गिळतं, मधूनच थरथरवतं. अक्षतांचा सडा, बांगड्या, होमातली समिधांची तडतड नाहीशी होते. तीन-चार बायका मिळून मंगलाष्टक म्हणत असल्या की त्यातला एकच गळा पुढे येतो आणि बाकीच्या तुटक ऐकू येतात.

फार बिघडलेल्या आवाजात काही साधनं हरवलेला भाग स्वतः नव्याने घडवतात. त्या वेळी संस्कृत मंत्रांची अक्षरं बदलून भलतीच होऊ शकतात. भटजींनी व्हिडिओ पाहिलाच तर ते पहिल्यांदा हेच पकडतील. म्हणून एआयने साफ केलेला ट्रॅक वर आणि मूळ ट्रॅक त्याच्या खाली, बारीक आवाजात, असे दोन्ही ठेवा. शब्द वरच्याचे, हवा खालच्याची. आणि वाद्यांवर हे साधन लावूच नका.

फाटलेल्या आवाजाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कापलं गेलेलं लाटेचं डोकं लेव्हल खाली केल्याने परत येत नाही. डी-क्लिप नावाची साधनं आजूबाजूच्या लाटेवरून अंदाजाने ते पुन्हा काढतात. एखादा शब्द फाटला असेल तर चांगलं जमतं. अख्खी वाजंत्री फाटली असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्याचा आवाज घ्या, तिथे ती लांबून आलेली असते आणि बहुधा शाबूत असते.

स्पष्टपणा आणि चढउतार

कॉलर माईक छातीवर असतो. बोलणाऱ्याचे तीव्र, बारीक सूर तोंडासमोर जातात, छातीकडे कमी येतात, त्यामुळे आवाज जाड आणि मऊ येतो. इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या साधनात) २०० ते ४०० हर्ट्झच्या भागात दोन-तीन डेसिबल कमी करा, ३,००० ते ४,००० हर्ट्झपाशी तेवढेच वाढवा. व्यंजनं उठून दिसतात. वाढवताना 'स' आणि 'श' टोचायला लागले तर ५,००० ते ८,०००च्या पट्ट्यात डी-एसर, म्हणजे ही टोचणी दाबणारा फिल्टर. एवढं पुरतं. इक्वलायझरवर डोंगरदऱ्या दिसू लागल्या की समजा, माईकच चुकीचा निवडलाय.

मग तो रिमोटचा प्रश्न. कंप्रेसर म्हणजे रिमोट धरून बसलेला तोच माणूस, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागात बटण दाबणारा. त्याला एक मर्यादा सांगायची आणि एक गुणोत्तर. ३:१ म्हणजे मर्यादेच्या वर ९ डेसिबल गेलेला आवाज ३ डेसिबलच वर जाऊ द्यायचा. मोठे क्षण खाली आले की सगळा ट्रॅक मिळून वर उचलता येतो आणि बारीक बोलणं ऐकू येतं. तो किती चटकन पकडतो आणि किती सावकाश सोडतो हेही ठरवता येतं. फार भराभर सोडलं तर प्रत्येक दोन शब्दांमध्ये पंखा उसळी मारतो. गोंगाट आधी कमी करा, कंप्रेसर नंतर लावा, असं म्हणतात ते यासाठीच.

पण सगळं कंप्रेसरवर टाकणं हा आळस आहे. 'सावधान'पाशी क्लिप कापा आणि वाजंत्रीच्या तुकड्याचा गेन हाताने खाली घ्या. किती? प्रत्यक्षात ती मंगलाष्टकांच्या कितीतरी पट मोठी असते. व्हिडिओत ६ ते ८ डेसिबल मोठी ठेवली तर दणका राहतो आणि रिमोट शोधावा लागत नाही. सपाट करू नका. तो क्षण अंगावर यायलाच हवा, फक्त बाळ दचकून उठेल इतका नको.

उखाण्याला याच्या उलट. नाव सहसा शेवटी येतं, नवरी ते पुटपुटते, आणि त्याच अक्षरावर मैत्रिणी ओरडतात. इथे कुठलंही यंत्र कामाचं नाही. शेवटच्या शब्दाला एक वेगळा तुकडा करून चार-पाच डेसिबल वर, हशाला तेवढेच खाली, मध्ये दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढवणं). फार तर दोन मिनिटांचं काम, आणि घरातले हाच भाग सगळ्यात जास्त वेळा बघतात.

गाणं कुठे, शब्द कुठे

लग्नाच्या व्हिडिओत आवाजाचं सगळ्यात मोठं नुकसान गोंगाटामुळे होत नाही. ते वरून गाणं पांघरल्यामुळे होतं. आवाज बरा नाही, मग लावा गाणं, अशी वर्षानुवर्षांची सवय आहे. हायलाइटमध्ये गाणं ठीक. मुख्य, लांब व्हिडिओत मात्र विधींखाली गाणं मला खटकतं. लावायचंच असेल तर नुसत्या वाद्यांचं घ्या, कारण गाण्यातले शब्द आणि बोलण्यातले शब्द एकाच पट्ट्यात भांडतात. बोलणं सुरू होताच ते १२ ते १५ डेसिबल खाली जायला हवं. याला डकिंग म्हणतात आणि ते आपोआपही होतं.

मंगलाष्टकं छोटी करायची असली तर अख्खी कडवी काढा, कडव्याच्या मध्ये कात्री लावू नका. पारंपरिक मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात, ओळीत १९ अक्षरं आणि बाराव्यानंतर यती. अगदीच वेळ आली तर त्या यतीपाशी, म्हणणारा श्वास घेतो तिथे, कापलेलं कळत नाही. कापलेल्या जागा झाकायला हॉलची नुसती हवा लागते: कुणी माईकवर नाही, फक्त कुजबुज आणि पंखे. अर्धा मिनिट तशी सलग मिळाली की सगळ्या सांध्यांखाली अंथरता येते. चित्र बदलण्याआधी पुढच्या प्रसंगाचा आवाज एक-दोन सेकंद सुरू करणं हीदेखील सोपी युक्ती आहे. हळदीचं शेवटचं हसू दिसत असतानाच सनई सुरू झाली की पाहणारा आपोआप मांडवात पोचतो.

गाण्यांच्या हक्कांबद्दल एक गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्याला सूट आहे, आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या संबंधित विभागाने तसं जाहीर सूचनेद्वारे पुन्हा स्पष्टही केलं. ती सूट समारंभात वाजवण्यापुरती. तेच गाणं व्हिडिओवर चढवून यूट्यूबवर टाकणं हा वेगळा विषय आहे. तिथली यंत्रणा गाणं ओळखते, अगदी वरातीतल्या डीजेचं मागे ऐकू येणारं गाणंसुद्धा. म्हणून ऑनलाइन टाकायची प्रत वेगळी काढा, आणि बोलणं, गाणं, वातावरण हे ट्रॅक शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवा, म्हणजे गाणं बदलायला सगळं उसवावं लागत नाही.

फोनवर आवाज गायब

शेवटच्या तपासणीत एक विचित्र प्रकार कधीकधी दिसतो. हेडफोनवर भाषण स्वच्छ, टीव्हीवर बरं, आणि फोनच्या एकाच स्पीकरवर माणूस जवळजवळ नाहीसा, मागे फक्त गर्दी. याचं कारण बहुधा वायर असते. मिक्सरमधल्या बॅलन्स्ड जोडणीत एकच आवाज दोन तारांवर एकमेकांच्या उलटा पाठवलेला असतो. तो साध्या स्टिरिओ जॅकमध्ये शिरला की डावीकडे सुलटा, उजवीकडे उलटा नोंदला जातो. फोन डावं-उजवं एकत्र करतो, आणि सुलटा अधिक उलटा बरोबर शून्य. उपाय सोपा आहे: एकच बाजू ठेवा आणि ती दोन्हीकडे पाठवा. मिक्सरचा आवाज एकाच कानात येत असेल तरी हेच करायचं.

एकूण मोठेपणा मोजायला हल्ली एलयूएफएस हे माप वापरतात. ते लाटेचं टोक न पाहता कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते सांगतं. यूट्यूब उणे १४च्या वर गेलेला व्हिडिओ खाली आणतं, त्याहून बारीक असलेला वर मात्र उचलत नाही. त्यामुळे ऑनलाइन प्रतीसाठी उणे १४ ते १६ आणि टोक उणे १ डेसिबलवर अडवणारा लिमिटर, हे बरं पडतं. पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर बघायच्या प्रतीला थोडा जास्त चढउतार चालतो. दोन्ही प्रती एकदा फोनवर आणि एकदा साध्या टीव्हीवर, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना ऐका. ज्यांना दाखवायचं ते तशाच घरात ऐकणार आहेत.

काम झालं की साफ न केलेले मूळ ट्रॅक पुसू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी घेतो. फोरके व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने घेतला असेल तर तासाला ४५ जीबी. म्हणजे जागेच्या नावाखाली आवाज उडवण्यात काहीच वाचत नाही. मी तर पूर्ण मंगलाष्टकं, उखाणे आणि आजी-आजोबांचे आशीर्वाद यांच्या वेगळ्या ऑडिओ फाइल करून, प्रत्येकीला नाव देऊन, त्याच पेन ड्राइव्हवर टाकतो. सफाईची साधनं दरवर्षी सुधारतायत. पुढे कुणाला तोच आवाज पुन्हा, आणखी नीट, साफ करून हवा असेल तर त्याला मूळ फाइलच लागेल.